अगंबाई, भिडूसुद्धा?

मध्यंतरी आमच्याकडे भिशी होती. सांबारवडीचा पहिला घाणा संपला होता, दुसरा कढईत होता, आणि नोटा मोजायचं काम जाऊबाईंकडे दिलं होतं, कारण मोजताना तरी त्या बोलत नाहीत. बाकीच्या अकराजणी बोलत होत्या. विषय सुनांचा नव्हता, सोन्याच्या भावाचाही नव्हता. चक्क विराट कोहलीचा होता.

"आपल्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये येऊन गेला म्हणते."

"बाप्पा! कधी जी?"

"आला नाही हो. पण बॅनरवर तसंच लिहिलंय ना!"

बॅनर सगळ्यांनीच पाहिला होता. भाजी आणायला जाताना तो टाळताच येत नाही. डावीकडे कमरेपर्यंतचा विराट, एका बाजूने ओढल्यामुळे गालफडं सुजल्यासारखा. त्याच्या छातीवर, खिसा असतो त्या जागी, एक भलीमोठी कात्री चिकटवलेली. वर लाल अक्षरांत 'विराट की पहली पसंद', खाली कटिंगचे दर आणि त्याच्याही खाली 'उधार मांगकर शर्मिंदा न करें'.

"एवढा मोठा माणूस, त्याला एका शब्दाने विचारलं तरी का?" साठी उलटलेल्या काकूंनी हे अशा सुरात म्हटलं, जणू सलूनवाल्याने कुणाची मुलगी पळवली होती.

मी वड्या उलटायला आत गेले. जाणं भागच होतं. तो बॅनर माझ्या सख्ख्या भाच्याने छापला होता.

आमच्या भिशीत एक वकिलीणबाई आहेत. वकील त्यांचे यजमान, पण कोर्टात ते युक्तिवाद करतात आणि घरी येऊन निकाल ऐकतात. मी वड्यांचं ताट घेऊन बाहेर आले तोवर बाईंनी बैठकीचा ताबा घेतलेला होता. मुजफ्फरनगरच्या सराफाचं प्रकरण चाललं होतं. तनिष्कने अमिताभ आणि जया बच्चन यांना घेऊन हिऱ्यांच्या दागिन्यांची जाहिरात केली. करार, मानधन, सगळं रीतसर. इकडे उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगरला रामकुमार ज्वेलर्स नावाच्या पेढीच्या होर्डिंगवर तेच नवरा-बायको, तसेच नटलेले, झळकले. तनिष्कची मालक टायटन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१२ साली न्यायालयाने सांगितलं, की प्रसिद्ध माणसाचा चेहरा कुठे, कधी आणि कशासाठी वापरायचा हे ठरवायचा हक्क त्या माणसाचा आहे. होर्डिंग पाहून लोकांना वाटतं की बच्चन यांनी या दुकानाची शिफारस केली, आणि ती तर त्यांनी केलेलीच नसते.

"मुजफ्फरनगर म्हणजे काही मुंबई नव्हे," वकिलीणबाई म्हणाल्या. "तिथपर्यंत हात पोचतो, तर गोंदियाची गाडी पकडून बालाघाटला यायला किती वेळ लागतो?"

आमच्यात एक सराफांकडची सून आहे. ती एकदम गप्प झाली आणि कानातलं चाचपायला लागली. तिच्या सासऱ्यांच्या दुकानाच्या शटरवर कोणती नटी आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. भिशीचे काही नियम असतात.

इथवर सगळं बेताचं होतं. खरा भडका उडाला तो अनिल कपूरवरून.

२० सप्टेंबर २०२३ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. त्याचं नाव, त्याचा चेहरा, त्याचा आवाज आणि 'झकास' म्हणायची त्याची ती खास ढब, यातलं काहीही त्याला न विचारता धंद्यासाठी वापरायचं नाही. कुणी त्याचा फोटो लावून व्याख्यानांचे क्लास विकत होतं, कुणी टी-शर्ट, कुणी एआयने त्याचा चेहरा भलत्याच धडावर बसवत होतं. दाव्यात 'लखन' होता, 'मिस्टर इंडिया' होता, मजनूभाईसुद्धा होता.

"झकास? म्हणजे आपला झकास?"

"आपलाच."

"अगंबाई!"

वकिलीणबाईंनी समजावून सांगितलं, की बंदी शब्दावर नाही, त्याच्या त्या ढबीवर आहे, आणि तीही धंद्यापुरती; घरी म्हणायला कुणाची ना नाही. पण ऐकतंय कोण? काकू उसळल्या. "त्याचा 'युद्ध' पिक्चर आला १९८५ला. आमचे मामंजी त्याच्या कितीतरी आधीपासून भरली वांगी खाऊन झकास म्हणत. त्यांना विचारलं का कपूरने?" मामंजी जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे साक्ष मिळणं कठीण. पण मुद्दा बिनतोड होता. २०११ साली अंकुश चौधरीने 'झकास' नावाचा मराठी सिनेमा काढला, त्याचं तिकीट काढताना आपण चोरीचा माल घेतोय असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आणि मग बाईंनी हळूच दुसरा बॉम्ब टाकला. भिडू.

मे २०२४मध्ये जॅकी श्रॉफही दिल्ली उच्च न्यायालयात गेला. 'जॅकी श्रॉफ', 'जॅकी', 'जग्गूदादा' आणि 'भिडू'. या चारही नावांचा न विचारता धंद्यासाठी वापर करू नये असं त्याचं म्हणणं, आणि न्यायालयाने बऱ्याच जणांना तसा मज्जाव केलाही. 'भिडू' हा तर त्याच्या नावावर नोंदलेला ट्रेडमार्कच आहे. प्रतिवाद्यांच्या यादीत एक शोरम्याचं दुकान होतं, कारण दुकानाच्या नावात भिडू होता. शोरमा म्हणजे नक्की काय, यावर आमची दहा मिनिटं गेली. ती सोडून देते.

आता सांगा, भिडू म्हणजे कोण? लंगडीत, पत्त्यांत, चंग्यात आपल्या बाजूने खेळतो तो. एक भिडू कमी पडला की शेजारच्या ओसरीवरून शेंबूड पुसत ओढून आणलेलं पोर, तो भिडू. 'राज्य कुणावर?' आणि 'भिडू कोण?' या दोन प्रश्नांवर आपली अख्खी लहानपणं उभी आहेत. जॅकी वाळकेश्वरच्या तीन बत्तीला चाळीत वाढला. शब्द त्याने तिथल्याच कुणा पोराकडून उचलला असणार. उचलताना लेखी परवानगी घेतली होती का? त्या पोराचं मानधन? करार किती वर्षांचा? मला तर वाटतं, सगळ्या मराठी मुलखाने मिळून एकदा दावा ठोकावा: वादी, महाराष्ट्र आणि लगतच्या जिल्ह्यांतले तमाम लंगडी खेळलेले इसम, प्रतिवादी क्रमांक एक, जयकिशन काकूभाई श्रॉफ. आम्ही बालाघाटवालेही सही करू. १९५६पर्यंत नागपूरच आमची राजधानी होती, भाषेत आमचाही वाटा आहे.

तसा माझा जॅकीवर राग नाही. गळ्यात रोपटं लटकवून 'झाडं लावा' सांगत फिरणाऱ्या माणसावर कोण रागावणार? त्याचा चेहरा टी-शर्टवर, चहाच्या कपावर, भिंतीवरच्या पोस्टरवर विकून भलतेच लोक पैसे करतात आणि त्याला एक छदामही मिळत नाही, हे त्याने का सहन करावं? शिवाय न्यायालयाने सरसकट दांडपट्टा फिरवलेला नाही. त्याच्या मुलाखतीचे तुकडे जोडून कुणा यूट्यूबवाल्या पोराने गमतीचा व्हिडिओ केला होता; तो दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय लगेच काढायला लावणार नाही, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. थट्टा वेगळी, धंदा वेगळा. एवढा भेद आपल्या शटरवरच्या नटीलाही लावला तर बरं, पण सराफांची सून समोर बसलेली, म्हणून मी वाक्य गिळलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याचं दुकान गाठलं. काली पुतली चौकाच्या अलीकडच्या गल्लीत आहे. आत मशीन घरघरत असतं, शाईचा वास असा की पाच मिनिटांत कपाळ जड होतं. बाहेर फरशीवर एक पोरगा उकिडवा बसून बॅनरच्या कडा दुमडतो आणि रिंगा ठोकतो. भाचा माउस हातात घेऊनच जन्मल्यासारखा बसलेला.

"मौसी, चाय?"

"चहा राहू दे. विराट कुठून आणलास ते सांग."

त्याने न लाजता दाखवलं. कॉम्प्युटरवर फोल्डर आहेत: देव, नेता, हिरो, हिरोइन, क्रिकेटर, बेबी, फूल, बॉर्डर. देवांचं सगळ्यात मोठं. नेत्यांचं दर पाच वर्षांनी साफ करावं लागतं. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर मॅटर पाठवतं, आणि मॅटरच्या शेवटी हमखास एक ओळ असते: 'कोई अच्छा सा हीरो डाल देना.' कुठला हिरो? तर 'जो बैठ जाए'. म्हणजे जागा उभी उरली तर उभा हिरो, आडवी उरली तर आडवा. अमिताभ सगळीकडे बसतो म्हणे. कोट घातलेला असला तर फायनान्सला, शाल पांघरलेली असली तर दवाखान्याला.

"आणि त्या छातीवर कात्री कशाला रे? खिशात तरी दाखवायची."

तो हसला. मूळ फोटोत तिथे कुठल्याशा कंपनीचं नाव होतं. पुसायला वेळ नव्हता, सलूनवाल्याचं संध्याकाळी उद्घाटन. मग कात्री ठेवली वरून. म्हणजे एका कंपनीने कोट्यवधी मोजून विराटच्या छातीवर मिळवलेली ती चार बोटं जागा आमच्या भाच्याने कात्रीखाली फुकटात झाकून टाकली. चोरीवर पांघरूण म्हणतात ते हेच.

पण मला खरं धरून ठेवलं ते 'बेबी' फोल्डरने. त्यात एक गोरंपान बाळ आहे, दात न आलेलं, डोक्यावर लोकरीची टोपी, कॅमेऱ्याकडे बघून खिदळणारं. बारशाच्या प्रत्येक बॅनरवर तेच. बालरोगतज्ज्ञाच्या फलकावर तेच. दोन शहरांतल्या तीन दुकानांच्या शटरवर तेच.

"हे कुणाचं रे?"

"काय माहीत, मौसी. सात-आठ वर्षांपासून हेच आहे. पन्नास तरी बारशी झाली याची."

सात-आठ वर्षं! म्हणजे ते बाळ आज कुठल्या तरी देशात पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जात असेल, आणि इकडे वैनगंगेच्या काठी त्याचं अजून बारसंच चाललंय. विराटसाठी वकील आहेत, मॅनेजर आहेत, नोटिसा काढणारी माणसं आहेत. या टोपीवाल्याच्या आईला वारासिवनी नावाचं गाव पृथ्वीवर आहे हेही ठाऊक नसेल. त्याच्यासाठी कुठलं कोर्ट उघडणार? भिशीतल्या मैत्रिणींना हे सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या, गोड आहे ना पण बाळ.

भाच्याचा बचाव मात्र ऐकण्यासारखा होता. "मौसी, दुकानाला सचिन नाव दिलं तर चालतं ना? महिन्यात दोन-तीन सचिन येतात माझ्याकडे. सचिन मोबाइल, सचिन टेलर, सचिन किराणा. आणि तिघांच्याही आधार कार्डावर सचिनच आहे." खरंच आहे. नव्वदच्या दशकात ज्या घरी मुलगा झाला त्या घरी दुसरं नाव सुचायचंच नाही. आणि सचिनला तरी सचिन हे नाव कुठून मिळालं? त्याच्या वडलांना, रमेश तेंडुलकरांना, सचिन देव बर्मन यांचं संगीत आवडायचं, म्हणून. बर्मनदांची परवानगी काढल्याचं कुठे वाचलेलं नाही.

स्वतःचं नाव प्रामाणिकपणे धंद्याला लावायला ट्रेडमार्कचा कायदाही आडवा येत नाही. १९९९च्या कायद्याचं पस्तिसावं कलम त्यासाठीच आहे. दिल्लीत यावरून मोठा बहारदार खटला झाला. तिथल्या काही उपाहारगृहांच्या पाटीवर 'बाय गौतम गंभीर' असं लिहिलेलं होतं, आणि तिथे दारूही मिळत होती. क्रिकेटपटू गौतम गंभीर संतापला, की लोकांना ही माझीच हॉटेलं वाटतात. न्यायालयात गेला. तिथे मालक उभा राहिला आणि म्हणाला, साहेब, माझंही नाव गौतम गंभीरच आहे! त्याने क्रिकेटपटूचा फोटो कुठे लावलेला नव्हता, स्वतःचेच लावले होते. डिसेंबर २०१७मध्ये न्यायालयाने क्रिकेटपटूची मागणी फेटाळली. एका गंभीरने दुसऱ्या गंभीरला 'तू गंभीर नाहीस' म्हणणं टिकणार तरी कसं?

याहून वरताण किस्सा सौरव गांगुलीचा. १९९६ला इंग्लंडमध्ये कसोटी पदार्पणाच्या दौऱ्यात शतकं ठोकून महाराज घरी आले, तर टाटा टी आपल्या किलोच्या पुड्यात पोस्टकार्ड घालून विकत होती: गांगुलीला अभिनंदन पाठवा! आणि सौरव तेव्हा नोकरीला कुठे? टाटा टीमध्येच. घरच्याच चुलीवर आपल्या नावाचं आधण ठेवलेलं. प्रकरण कोर्टात जाऊन पुढे तडजोडीने मिटलं. २०२१ला टोकियोत कांस्यपदक मिळाल्यावर बॅडमिंटनपटू सिंधूचं अभिनंदन करायला कंपन्यांची अशीच झुंबड उडाली, प्रत्येक अभिनंदनाच्या कोपऱ्यात ज्याचं त्याचं बोधचिन्ह. तिच्या व्यवस्थापन संस्थेने सरळ नोटिसा धाडल्या. हार घालायला यायचं आणि जाताना हाराबरोबर फोटोही घरी न्यायचा, हे आपल्याकडे लग्नातल्या मामांना चालतं. सिंधूने चालवून घेतलं नाही.

चघळायला हे सगळं छान आहे. पण भिशीच्या दिवशी या गप्पा रंगल्या असतानाच मला कटंगीच्या आत्याची आठवण झाली होती आणि वडी घशात अडकली होती.

आत्या पंच्याहत्तरीची आहे, गुडघ्यांनी जेरीस आलेली. मागच्या पावसाळ्यात तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक नामांकित माणूस, नाव नाही सांगत, स्वतःच्या तोंडाने एका तेलाची तारीफ करत होता. ओठ हलत होते, आवाज त्याचाच. एकोणीसशे नव्व्याण्णव रुपये, पार्सल आल्यावर द्यायचे. आत्याने दिले. बाटली उघडून मला वास दिला. मोहरीचं तेल आणि कापूर. मी म्हटलं, आत्या, फसवलं तुला. तर ती माझ्यावरच बिघडली. "तो कायले खोटं बोलन वं? त्याले पैशाची का कमी हाय?"

तिचं बरोबरच होतं. तो खोटं बोललाच नव्हता. तो काहीच बोलला नव्हता.

खुद्द सचिन तेंडुलकरांचंच बघा. २०२२मध्ये गोव्यातल्या एका कॅसिनोच्या जाहिरातीत त्यांचे जोडजाड केलेले फोटो फिरत होते. जुगार, तंबाखू आणि दारू यांची जाहिरात मी कधी केलेली नाही, असं त्यांना जाहीर सांगावं लागलं. मे २०२३मध्ये चरबी घटवण्याच्या मालासाठी त्यांचं नाव, फोटो, आवाज वापरल्याची तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गेली. जानेवारी २०२४मध्ये तर एका गेमिंग अ‍ॅपच्या जाहिरातीत डीपफेक सचिन स्वतःच्या मुलीच्या कमाईच्या गोष्टी सांगू लागला. ज्या माणसाने जन्मभर कुठल्या चेंडूला बॅट लावायची आणि कुठला सोडायचा हे स्वतः ठरवलं, त्याच्या तोंडून भलताच कुणी खेळतोय.

अमिताभचं तेच. 'केबीसी'च्या नावाने पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचा निरोप आमच्या भिशीतल्या बाराजणींपैकी नऊजणींना आलेला आहे, फोटोसकट. उरलेल्या तिघींना वाईट वाटतं की आपल्याला का नाही. २५ नोव्हेंबर २०२२ला दिल्ली उच्च न्यायालयाने बच्चन यांचं नाव, चेहरा, आवाज असं परस्पर वापरायला मनाई केली, त्यात हा लॉटरीचा उपद्व्यापही होता. आणि सप्टेंबर २०२५मध्ये आशाताई मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. एआयवाल्यांनी त्यांचा आवाजच साच्यात घालून ठेवला होता. कुणीही यावं, काहीही गावं आणि बाहेर आशा भोसले निघावी! न्यायालयाने ते प्रथमदर्शनी चूकच ठरवलं. तिकडे हॉलीवूडमध्ये टॉम हँक्सलाही २०२३ला सांगावं लागलं, की दातांच्या विम्याच्या जाहिरातीतला तो मी नव्हेच. आपल्याकडे हे वाक्य नाटकात लखोबा लोखंडे म्हणतो आणि ते खोटं असतं. टॉमचं खरं होतं.

त्यामुळे सलूनवाल्याचा विराट आणि आत्याचा तेलवाला यांना एकाच पारड्यात टाकायला माझं मन होत नाही. सलूनचा बॅनर पाहून कोहली इथे दाढी करून गेला असं काकूंनाही वाटलं नव्हतं. त्यांना फक्त तसं म्हणायला आवडलं. तेलाच्या व्हिडिओने मात्र आत्याची पिशवी उघडली. एकात कौतुक आहे, थोडा आळस आहे आणि फुकटेपणा भरपूर आहे. दुसऱ्यात दरोडा आहे. कायद्याच्या पोथीत दोन्ही शेजारीशेजारी बसतात, म्हणून बिचारा न्हावी घाबरतो. दरोडेखोराचा पत्ताच सापडत नाही, त्यामुळे त्याला घाबरायचं कारण नाही.

भिशीत माझं एवढं ऐकून वकिलीणबाई उठल्या आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी थांबल्या. आमच्या वाण्याने दिवाळीला दिलेलं आहे. वर छत्रपती शिवाजी महाराज, घोड्यावर. खाली शुद्ध तूप, पोहा, आटा, बेसन, घरपोच सेवा.

"हे बेकायदेशीर आहे, माहीत आहे?"

अगंबाई! १९५० सालचा बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा कायदा आहे. त्याच्या यादीत महाराज आहेत, गांधीजी आहेत, नेहरू आहेत, पंतप्रधान आहेत; यांचं नाव किंवा चित्र सरकारी परवानगीशिवाय धंद्याला लावता येत नाही. त्यात कॅलेंडरला म्हणून खास सूट आहे, पण अट अशी की त्यावर फक्त कॅलेंडर बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव हवं आणि मालाची जाहिरात नको. म्हणजे महाराज चालतील, तूप चालणार नाही. २०१६ला जिओ आणि पेटीएमच्या पानभर जाहिरातींत पंतप्रधानांचा फोटो झळकला तेव्हा संसदेत प्रश्न आले. पुढे दोन्ही कंपन्यांनी चुकून झालं म्हणून माफी मागितली. आणि या कायद्यात दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये. पाचशे! आमच्या भिशीचा एक हप्ता. जाऊबाई मोजता मोजता पहिल्यांदाच बोलल्या, "मग वाण्याला सांगा, दोन महाराज पाठव."

कॅलेंडर भिंतीवर तसंच आहे. महाराजांना काढायचं कोण, आणि गॅसच्या तारखा लिहायच्या कुठे?

आता आम्ही सगळ्या कशा सोवळ्यातल्या, हेही सांगून टाकते. २०२०ला 'शेरनी'च्या चित्रीकरणासाठी विद्या बालन इथल्या जंगलात आली होती. तेव्हापासून गावात दोन तट आहेत, ज्यांच्याकडे सेल्फी आहे ते आणि नसलेले. सेल्फी दिवाणखान्यात चौकटीत लावली तर आठवण. तीच दरपत्रकाच्या शेजारी लावली तर जाहिरात. हे वकिलीणबाई बोटाने हवेत चौकट काढून समजावत होत्या, तेव्हा दोघींनी गुपचूप आपापल्या दुकानांत फोन लावले.

पण चिन्नोरचं नाव निघू द्या, मग बघा! बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ला भौगोलिक मानांकन मिळालं. आता कुठल्याही तांदळाच्या पोत्यावर कुणी 'बालाघाट चिन्नोर' छापलं की आम्ही पेटतो. परवा गोंदियाच्या बाजारात काकूंनी एका दुकानदाराला अशा पोत्यावरून भर रस्त्यात धारेवर धरलं. मूठभर दाणे हातावर घेतले, हुंगले आणि परत पोत्यात टाकले. "हा आमचा चिन्नोर? याले वासच नाही! आमच्या नावावर काहीही विकता का जी?" दुकानदार थंडपणे म्हणाला, "काकू, नाव छान बसतं पोत्यावर."

जो बैठ जाए. मला भाच्याची आठवण झाली.

त्या भाच्याने आठ दिवसांत सलूनचा बॅनर बदलला. माझ्या धाकाने नव्हे. वकिलीणबाईंच्या यजमानांनी कटिंग करता करता सलूनवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. आता विराटच्या जागी सलूनवाल्याचा धाकटा भाऊ आहे. दाढी तशीच कोरलेली, मान तशीच किंचित वळवलेली, नजर तशीच दूर सीमारेषेकडे. वर नुसतंच 'पहली पसंद', कुणाची ते नाही. छातीवर कात्री मात्र तशीच.

"आता ती कशाला रे? त्याच्या छातीवर कुठली कंपनी आहे?"

"साचा तोच आहे ना, मौसी."

काल ह्यांना कटिंगला पाठवलं होतं. घरी येऊन सांगत होते, शेजारच्या खुर्चीतला कॉलेजचा पोरगा बॅनरकडे बोट दाखवून म्हणत होता, "भैया, वो विराट वाला मार दो."